ट्यूलिपला पानं येतात, फूल येत नाही: ठाण्याच्या बाल्कनीतली दुरुस्ती

दर जानेवारीत आमच्या सोसायटीच्या झाडवाल्यांच्या ग्रुपवर ठरलेला फोटो येतो. कुंडीत दोन-तीन जाड, निळसर हिरवी पानं, त्यांच्या बेचक्यात हरभऱ्याएवढी कळी अडकलेली आणि खाली प्रश्न, "खत कमी पडलं का हो?" आठवड्याने दुसरा फोटो. कळी कांद्याच्या सालीसारखी कोरडी. मग सल्ले सुरू होतात. ताक घाला, केळ्याच्या सालीचं पाणी घाला, एप्सम सॉल्ट घाला. बिचारा माणूस सगळं घालतो आणि कंद कुजतो.

खताचा यात काही संबंध नाही. पहिल्या फुलापुरती शिदोरी ट्यूलिपच्या कंदाने आधीच बांधून आणलेली असते. नुसत्या खड्यांत आणि पाण्यावरही तो फुलतो. अडतं ते थंडीपाशी, नाहीतर चिकूपाशी. चिकूचं पुढे सांगते, कारण त्या चिकूने माझं एक अख्खं वर्ष खाल्लंय.

मी घोडबंदर रोडला राहते. पाचवा मजला, पूर्वेची बाल्कनी. चार हिवाळे दहा-दहा कंद लावले. पहिल्या वर्षी एकही फूल नाही, दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी दहाही कळ्या दिसल्या आणि दहाही वाळल्या. चौथ्या वर्षी सात फुलं आली. मधल्या काळात जे वाचलं, विचारलं, कापून पाहिलं, ते इथे एकत्र लिहिते. म्हणजे यंदा तरी तो फोटो कमी वेळा बघावा लागेल.

माहेर कुठलं ते आधी

ट्यूलिप म्हटलं की आपल्याला हॉलंड आठवतं. पण हॉलंड त्याचं सासर. माहेर मध्य आशियात: कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान या देशांतल्या तिएन शान आणि पामीर-अलाय या डोंगररांगा. रानट्यूलिपच्या सगळ्यात जास्त जाती तिथे आहेत. बाबराने काबूलजवळच्या डोंगरपायथ्याची रानट्यूलिपं मोजून घेतली होती, तर ३२-३३ प्रकार निघाले, असं त्यानेच लिहून ठेवलंय. राज्य सांभाळता सांभाळता फुलं मोजायला लावणारा माणूस मला एरवी भेटला असता तर आमचं जमलं असतं. युरोपात हे फूल सोळाव्या शतकात तुर्कांच्या मुलखातून गेलं. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ साली हॉलंडमधल्या लायडनच्या बागेत ते लावलं, आणि १६३७ च्या फेब्रुवारीत तर डच लोकांचा कंदांचा सट्टा कोसळलासुद्धा. त्याच क्लुसियसच्या नावाची एक बारीक, पांढरी-लाल रानजात आपल्याकडे पश्चिम हिमालयात उगवते.

आता त्या डोंगरउताराकडे नीट बघा, कारण आपल्या कुंडीतल्या बिघाडाचं उत्तर तिथे आहे. झाडी नाही. दगडगोटे, पातळ माती, पाणी पडलं तरी साचायला जागा नाही. शरदात माती ओली आणि गार झाली की कंद गुपचूप मुळं सोडतो, वर काहीच दिसत नाही. मग बर्फ पडतो. बर्फ गोधडीसारखा वरची कडाक्याची थंडी अडवतो आणि आतली माती शून्याच्या जवळपास राहते. या गारठ्यात कंद तीन-चार महिने असतो, पण रिकामा बसलेला नसतो. साठवलेल्या पिठाची साखर होत असते आणि आतल्या दांड्याची लांब होण्याची तयारी चाललेली असते. ही तयारी थंडीशिवाय होत नाही. वसंतात बर्फ वितळला की भराभर दांडा, फूल, बी. त्यानंतर महिना-दीड महिना पानं ऊन खाऊन पुढच्या वर्षीचा कंद भरतात. उन्हाळा तापला की उतार वाळून खडखडीत होतो, पानं पिवळी पडून जातात आणि कंद कोरड्या मातीत खोल पडून राहतो. खोल म्हणजे किती, तर कोवळे कंद स्वतःच एक नळीसारखा फाटा खाली सोडतात आणि दरवर्षी आणखी आत उतरतात, वरच्या उन्हापासून लांब.

पुढच्या वर्षीची कळी कंदाच्या पोटात याच कोरड्या उन्हाळ्यात घडते. म्हणून "ट्यूलिपला उन्हाळा सोसत नाही" हे अर्धंच खरं. उन्हाळा त्याला हवाच, पण कोरडा. सोसत नाही ती उष्ण ओल.

आता ठाणं. जानेवारीत पहाटे १५ ते १८ अंश, एखाद्या दिवशी त्याखाली, की आपण स्वेटर काढतो आणि स्टेटस टाकतो. ट्यूलिपला साधारण ९ अंशांच्या खालची थंडी लागते, तीही सलग १२ ते १६ आठवडे. आपल्या हिवाळ्यात तिचा एक तासही नाही. फुलायच्या वेळी त्याला वसंत हवा, तर फेब्रुवारी सरता सरता आपल्याकडे पारा ३५ कडे निघालेला. आणि कोरडं पडून राहायच्या दिवसांत आपल्याकडे पाऊस कोसळतो, भिंतींना बुरशी येते, पापडसुद्धा डब्यात मऊ पडतात. त्याचं अख्खं कॅलेंडर इथे उलटं टांगलंय. त्यातला हिवाळा तेवढा आपण विकत देऊ शकतो. बाकीचं नाही.

कुंडीत काय दिसतंय, त्यावरून काय चुकलं

पानं नीट, कळी पानांच्या बेचक्यात किंवा मातीलगत, दांडाच नाही: थंडी अपुरी पडली. सगळ्यात जास्त हेच घडतं. कळी कंदात तयार होती, फक्त तिला वर उचलणारा दांडा लांबला नाही. यावर आता उपाय नाही. खत घालून दांडा लांबत नाही.

दांडा आला, कळी आली, आणि उमलायच्या आधी तपकिरी कागद झाली: दोन शक्यता. एकतर लावल्यावर एकदम गरम झळ लागली किंवा माती पार सुकली. नाहीतर कंद फ्रीजमध्ये पिकत्या फळांच्या शेजारी होते.

एकच रुंद पान, दुसरं काही नाही: कंद छोटा होता. फुलणाऱ्या कंदाचा घेर १२ सेंटीमीटर किंवा जास्त असावा. स्वस्तात पन्नास मिळाले म्हणून जे घेतले जातात ते बहुधा हे.

काहीच उगवलं नाही: उकरून बघा. बूड मऊ पडलंय, आंबट वास येतोय, पांढरी-गुलाबी बुरशी आहे, तर बुडाची कूज. तो कंद कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. वरवर निळी-हिरवी बुरशी असेल आणि कंद दाबल्यावर टणक असेल तर पुसून घ्या, बहुतेक वेळा चालतो.

शंका असेल तर लावण्याआधी एका कंदाचा बळी द्या. उभा कापा. मधोमध पोपटी कोंब आणि त्यात इवलीशी कळी स्पष्ट दिसते. ती ताजी असेल तर बाकीच्यांवर भरवसा ठेवा. तपकिरी, सुकलेली दिसली तर कुंडी भरायचे कष्ट वाचले. मी हे तिसऱ्या वर्षी केलं असतं तर चिकूचा गुन्हा जानेवारीऐवजी डिसेंबरातच उघडकीला आला असता.

आणि निळ्या ट्यूलिपचं बी कोणी विकत असेल तर पुढे सरका. खरं निळं ट्यूलिप नसतंच, आणि बी पेरून फूल यायला चार ते सात वर्षं लागतात.

जे करून पाहिलं आणि फुकट गेलं

पहिल्या वर्षी कंद आले तसे नोव्हेंबरात लावले. विकणाऱ्याने "भारतीय हवामानाला योग्य" असं छापलं होतं. काश्मीरही भारतातच आहे, तेव्हा त्याला खोटं म्हणता येत नाही.

दुसऱ्या वर्षी बर्फ. रोज सकाळी कुंडीत सहा खडे. ही युक्ती अजूनही ग्रुपवर फिरते म्हणून स्पष्ट लिहिते: खडे अर्ध्या तासात वितळतात, माती तासाभरात पुन्हा खोलीच्या तापमानाला येते आणि कंदाच्या वाट्याला फक्त जास्तीचं पाणी उरतं. माझे दहापैकी सहा कुजले. आमच्या मजल्यावरच्या काकांनी कंद सरळ फ्रीझरमध्ये ठेवले, "बर्फातच वाढतात ना ते?" म्हणून. बर्फाखाली वाढतात काका, बर्फात गोठून नाही. फ्रीझरमधून काढल्यावर कंद उकडलेल्या बटाट्यासारखे मऊ पडले होते. एसीच्या खोलीत ठेवूनही उपयोग नाही. १८ अंश आपल्याला गार वाटतं, त्याला नाही.

तिसऱ्या वर्षी फ्रीज. थंडी पुरी चौदा आठवडे, सगळं शिस्तीत. फक्त खालच्याच खणात ऑक्टोबरपासून सफरचंदं, आणि डिसेंबरात घोलवडहून नणंदेने पाठवलेले दोन डझन चिकू. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याच वायूने कच्चा चिकू शेजारच्या पिकलेल्या चिकूमुळे मऊ पडतो, आणि त्याच वायूने कंदातली कळी आतल्या आत मरते. कंद बाहेरून सुरेख दिसतो. पानं येतात, दांडा येतो, कळी दिसते आणि सुकते. कुजका कंदही हाच वायू सोडतो, म्हणून पिशवीत एक जरी सडका राहिला तरी शेजाऱ्यांना घेऊन जातो.

नणंदेला अजून सांगितलेलं नाही.

चौथ्या वर्षीची पद्धत

कंद सप्टेंबरात हातात हवेत. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. नोव्हेंबरअखेर न गारवलेले कंद घेतले आणि चौदा आठवडे फ्रीजमध्ये ठेवले, तर लावायला मार्च उजाडतो. मार्चमध्ये ठाण्यात ट्यूलिप लावणं म्हणजे त्याला तव्यावर ठेवणं. उशीर झाला असेल तर गारवून दिलेले, ज्याला विक्रेते 'प्रीचिल्ड' म्हणतात, तेच घ्या आणि एकच प्रश्न विचारा: किती आठवडे, किती अंशांत? उत्तर आकड्यात आलं नाही तर पैसे जपून ठेवा. असे कंद कुरिअरने आले की त्याच दिवशी फ्रीजमध्ये किंवा कुंडीत, टेबलावर आठवडाभर नाही.

फ्रीजचं म्हणाल तर कागदी पिशवी, तिला दहा-बारा भोकं, आत कोरडे कंद, एकमेकांवर न रचता. प्लॅस्टिक नको, घाम येतो. जागा भाजीच्या खणात किंवा मधल्या कप्प्यात, ५ अंशांच्या आसपास. मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथे काही फ्रीजमध्ये पाणी गोठतं. फळं त्या फ्रीजमध्ये ठेवूच नका. सफरचंद, केळी, चिकू, पेरू, टोमॅटोसुद्धा बाहेर. दिवाळीच्या सुमारास हा नियम पाळणं म्हणजे घरातल्यांची परीक्षा असते. आमच्याकडे शेवटी वाडवडिलांच्या काळातला छोटा फ्रीज दुरुस्त करून घेतला, तो आता ट्यूलिपचा आणि दुधाचा.

पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्या सासूबाईंनी चौथ्या आठवड्यात हाक मारली, "अगं, हे छोटे कांदे कधीचे पडलेत, सांबाराला घेते." मी धावत गेले. दिसायला कांदाच, पण पोटात गेला तर त्रास होतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमारीने गांजलेल्या डच लोकांनी हे कंद खाल्ले होते, तेही आतला कोंब काढून. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कंद आणि कुंडी दोन्ही त्यांच्या आवाक्याबाहेर. खूप कंद हाताळले तर बोटांना खाजही येते, हातमोजे घाला.

दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून बघा. मऊ पडलेला काढून टाका. दोन महिन्यांनी टोकाला पोपटी कोंब डोकावला तर घाबरू नका.

मी २० सप्टेंबरला ठेवले, २७ डिसेंबरला काढले. बरोबर चौदा आठवडे. लावताना कंदाच्या बुडाकडची तपकिरी साल नखाने सोलली. मुळं फुटणारं गोल कडं मोकळं झालं की ती लवकर बाहेर पडतात, आणि आपल्याकडे वेळ तसाही कमी. माती हलकी: निम्मी लाल माती, निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी, मूठभर जुनं शेणखत. कोकोपीट मी काढून टाकलं, ते ओल धरून बसतं. आठ इंची कुंडीत पाच कंद, टोकं जेमतेम झाकतील इतक्या खोल. मग एकदा भरपूर पाणी, आणि नंतर वरचा थर सुकल्यावरच.

कुंडी कुठे ठेवायची, हे मला वाटलं होतं त्याहून महत्त्वाचं निघालं. पहिले दहा-बारा दिवस उन्हाची गरज नाही, मुळं धरू दे. घरातला सगळ्यात गार कोपरा शोधा. आमच्याकडे तो बाथरूमच्या उत्तरेकडच्या खिडकीखालची फरशी. कोंब बोटभर झाला की पूर्वेच्या बाल्कनीत, सकाळचं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत, नंतर सावली. पश्चिमेची बाल्कनी असेल तर मी कोणालाच ट्यूलिप लावायला सांगणार नाही. दुपारी तापलेली भिंत रात्री दहापर्यंत गरम राहते. नवी मुंबईत आमच्या मावसभावाच्या घरी, वाशीला सहाव्या मजल्यावर, खाडीवरच्या वाऱ्याने कळ्या सुकल्या. त्याने पुढल्या वर्षी कुंड्या जिन्यातल्या खिडकीत ठेवल्या, तिथे जमलं.

पहिलं फूल २ फेब्रुवारीला. सकाळी सातला मिटलेलं, अकराला ताटलीएवढं उघडलेलं. उष्ण हवेत त्याच्या पाकळ्या पसरतात, गारव्यात मिटतात, म्हणून पेल्याचा तो ओळखीचा आकार हवा असेल तर सकाळच्या चहालाच बघायचा. एक फूल पाच-सहा दिवस टिकलं. रात्री कुंड्या गार फरशीवर आणून ठेवल्या तेव्हा एखादा दिवस वाढला.

फूल झाल्यावर कंदाचं काय

हा प्रश्न फोटोच्या खालोखाल येतो. ठेवून उपयोग नाही. ट्यूलिपचा जुना कंद फूल देता देता संपतो. उकरलात तर सुकलेली साल आणि तिच्या कुशीत दोन-तीन छोटी पिल्लं मिळतात. ती मोठी व्हायला पानांना थंड वसंतातले महिना-दीड महिने हवेत. आपल्या फेब्रुवारीत पानं पंधरा-वीस दिवसांत पिवळी पडतात, मग पिल्लं हरभऱ्या-शेंगदाण्याएवढी राहतात. हॉलंडचे शेतकरी कंद पोसण्यासाठी शेतातली फुलं उमलल्या उमलल्या तोडून टाकतात, इतकं ते काम पानांचं आणि हवेचं आहे. श्रीनगरला खरा हिवाळा आहे, तरी तिथल्या प्रसिद्ध बागेसाठी कंद हॉलंडहून आणलेत. मी सात फुलांची पिल्लं कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. गणपतीच्या साफसफाईत उघडली तर पिवळसर भुकटी. तेव्हा हिशेब असा मांडा: हा मोसमी पाहुणा आहे, शेवंतीचा गुच्छ आणावा तसा. दहा कंद म्हणजे दहा फुलं, फार तर.

दरवर्षी त्याच कंदाला वसंतात फूल हवं असेल तर ठाण्याच्या कॅलेंडरशी जुळणारा कंद लावा. सगळ्यात आधी मला रानकांदा आठवतो, कोळकांदा म्हणतात तो. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर तो रानात असतो. मार्च ते मे, जमीन भाजून निघालेली, पान एक नाही, आणि थेट मातीतून हातभर दांडा. त्यावर मळकट तपकिरी-हिरवी, खाली झुकलेली फुलं, तीही संध्याकाळनंतर उमलणारी. शोभेला ट्यूलिपच्या पासंगालाही पुरणार नाही. पण युक्ती तीच: जगायला कठीण काळ कंदात काढायचा आणि नेमकी वेळ साधायची. फक्त हा थंडीऐवजी उन्हाचे चटके सोसून फुलतो, आणि पानं नंतर, पावसाबरोबर येतात. येऊरला किंवा कुठल्याही डोंगरावर दिसला तर फोटो काढा, उपटू नका. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथून झाड आणणं गुन्हा आहे, शिवाय कंद विषारी.

घरासाठी नर्सरीतून फुटबॉल लिली आणा. मूळची आफ्रिकेची, पण इथे दोन पिढ्या नांदल्यासारखी वागते. माझी कुंडी ग्रिलच्या कोपऱ्यात असते. डिसेंबरात पानं गेली की पाणी बंद, मे महिन्यापर्यंत तिच्याकडे कोणी बघत नाही. गेल्या वर्षी तर मी ती रिकामी समजून त्यात कपड्यांच्या चिमट्यांचा डबा ठेवला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात डबा एका बाजूने उचललेला दिसला. खालून लाल गोळा वर येत होता.